उत्तमरावांचा उजवा कान

उत्तमराव साळवींचा डावा कान मानपाड्याच्या कारखान्यात गेला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात उभी नोकरी काढली. रिटायर झाले तेव्हा ऐकायला उजवा कान तेवढा उरला. बायको, शीला, कायम त्यांच्या उजव्या हाताला चालायची.

त्या दुपारी ठाकुर्लीच्या घरात चटईवर डोळा लागला होता, आणि ते एकदम ताडकन उठून बसले. उजव्या कानात काहीतरी शिरलं होतं. पाय खरवडत आत आत चाललं होतं आणि डोक्यात नगारा वाजावा तसं वाजत होतं. घाबरून त्यांनी कानकोरणं घातलं. किडा आणखी आत घुसला. उत्तमराव गुरासारखे ओरडले.

"अहो, काय झालं?" शीला धावत आली. त्यांना तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

शेजारच्या दक्षतानं कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. कान वाहतोय का, पूर्वी कधी फुटलाय का, रक्त आलंय का, त्यांनी सगळं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग आता काही खुपसू नका. कोमट खोबरेल सोडा. किडा मेला की लगेच इकडे आणा."

पण हे उत्तमरावांना सांगायचं कसं? तेलाची वाटी पाहून ते मागे सरकले. "भाजेल! नको!"

शीलानं बोट तेलात बुडवून आधी स्वतःच्या गालाला लावलं, मग त्यांच्या. तेव्हा कुठे त्यांनी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. तेल आत गेलं. थोडा वेळ तडफड झाली, मग सगळं थांबलं.

"अगं शीला, मला काहीच ऐकू येत नाहीये गं!" रिक्षात ते मोठमोठ्यानं सांगत राहिले.

डॉक्टरांनी झुरळाचं पिल्लू काढलं. मग शीलाकडे वळून म्हणाले, "किडा निघाला; पण कोरण्यानं पडदा दुखावलाय. किती ऐकू येईल ते सूज उतरल्यावर कळेल. आत्ता काही सांगता येत नाही."

"काय म्हणाले?" उत्तमरावांनी विचारलं.

तिनं कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"काय?"

तिनं पुन्हा सांगितलं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दवाखान्याबाहेर मागून रिक्षा हॉर्न वाजवत आली, तरी ते रस्त्याच्या मधोमधच चालत होते. शीलानं दंड धरून त्यांना कडेला ओढलं.