गॅदरिंगची बाकं

वाशीतल्या आमच्या मराठी शाळेला हॉल नव्हता. गॅदरिंग आलं की वर्गातली बाकं मैदानात न्यायची, एकमेकांना खेटून लावायची, दोरीने करकचून आवळायची आणि वर सतरंजी अंथरायची. झालं स्टेज. हे काम पालकांचं. माझे बाबा जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर, म्हणून बांधाबांधीचं पुढारपण त्यांच्याकडे. शेवटी ते स्वतः वर चढून उड्या मारायचे आणि म्हणायचे, "एकदम पक्कं."

तेवढे दिवस आम्ही वर्गात जमिनीवर बसायचो. आम्हाला तर मजाच वाटायची.

मी सातवीत असताना, ऐंशीच्या आसपास, नेमका गॅदरिंगच्या आठवड्यात एका साप्ताहिकाचा बातमीदार आला, फोटोग्राफरला घेऊन. नव्या शहरातलं शिक्षण हा त्याचा विषय. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्याला मैदानातलं स्टेज दाखवलं, चहा पाजला, सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि फोटो काढला तो वर्गाचा.

अंकात पहिल्याच रांगेत मी होते, जमिनीवर मांडी घालून. खाली छापलं होतं की या मुलांना बसायला साधी बाकंही नाहीत. समोरच्या पानावर इंग्रजी शाळेतली टाय लावलेली मुलं. स्टेजबद्दल चकार शब्द नाही. आजही तो फोटो आठवला की माझं डोकं फिरतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एकच अंक चार घरांत फिरायचा. आमच्याकडे पोचेपर्यंत बाकीच्या तिघांनी मुलांना त्या शाळेतून काढायचं ठरवलंही होतं. हे तिघेही बाकं उचलायला आलेले. बाबांनी तो लेख दोनदा वाचला. मी रडले, जेवले नाही, म्हटलं, "तुम्हीच बांधलीत ना बाकं?"

पुढच्याच आठवड्यात ते मला घेऊन दाखला मागायला शाळेत गेले. ऑफिसात खुर्ची एकच, बाईंची. बाई म्हणाल्या, "बसा." आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. त्याच्या कडेवर दोरीचे वळ होते.

"तुम्हाला तर सगळं माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे. आता मध्येच इंग्रजीत घातलीत तर मागे पडेल."

"मला माहीत आहे हो बाई," बाबा म्हणाले. "पण वाचणाऱ्यांना कुठे माहीत आहे? उद्या हिला कोणी विचारलं, कुठल्या शाळेत शिकलीस, तर काय सांगायचं?"

मला ओरडायचं होतं. सांगायचं होतं की नाव सांगेन, त्यात लाज कसली. पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. बाईंनी सही केली.

बाबांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. मग उठता उठता, कारखान्यातल्या सवयीने, बाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं.

"एकदम पक्कं," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो.