मैनुद्दीन तपासनीस आणि जपानची शर्यत

मैनुद्दीन तांबोळी यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी विभागात गेली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांचं ओळखपत्र परत घेतलं, स्वभाव मात्र त्यांच्याकडेच राहिला. दुधाची पिशवी ते अजूनही उजेडासमोर धरून बघतात. रिक्षा नेहमीच्या वळणावर वळली नाही की लगेच पुढे वाकून विचारतात, "काय हो, आपण कुणीकडे निघालो आहोत?" थोरल्या मुलीला, अर्शियाला, बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी मुलाची आधीची नोकरी का सुटली हे इतकं खोदून विचारलं, की ते चहा अर्धा टाकून उठले.

"बरं झालं," मैनुद्दीन म्हणाले. "स्वच्छ असते तर बसले असते."

"अहो, तुमच्या तपासणीत आजवर एक तरी माणूस पास झालाय का?" त्यांच्या पत्नी रझियाबी म्हणाल्या.

एकच झाला होता. नागोराव. मूळचे विदर्भातल्या पुलगावचे, तरुणपणी पुण्यात बदलून आलेले. दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून तपासणी करत. नागोरावांनी बरा म्हणून पुढे सारलेला नग मैनुद्दीन पुन्हा हातात घेत नसत. दुसऱ्या कुणावर त्यांनी असा भरवसा कधी टाकला नाही, बायकोवरही नाही, आणि हे रझियाबींना पक्कं माहीत होतं.

या दोघांना मोटरसायकलच्या शर्यतींचा नाद लावला जावेदने. खडकी बाजारात त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, आणि मागच्या खोलीत भिंतभर टीव्ही. ग्रां प्री नावाच्या जागतिक शर्यतीची एकेक फेरी एकेका देशात होते, बहुतेक रविवारी. पण रविवारीच जावेदकडे गाड्यांची रांग, त्यामुळे शर्यत चालू असताना बघणं त्याच्या नशिबात नाही. तेव्हा ठरलं असं, की दुकान बंद झालं की तिघांनी मिळून नंतर बघायची आणि तोवर कुणीही निकाल बघायचा नाही, ऐकायचा नाही. हा नियम अर्थातच मैनुद्दीन यांचा. खोलीत शिरताना ते दोघांचे फोन गोळा करून बिस्किटाच्या डब्यात टाकत आणि डबा मांडीवर घेऊन बसत.

"चाचा, विमानतळावर लागला असता तुम्ही," जावेद म्हणायचा.

मध्यंतरी वर्षभर नागोराव आले नाहीत. त्यांचा मुलगा सुदर्शन बाह्यवळणावर मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. दिवसकार्य होईपर्यंत मैनुद्दीन रोज त्यांच्या घरी जाऊन बसत. पुढे एका रविवारी नागोराव आपणहून दुकानात आले, फोन डब्यात टाकला आणि आपल्या खुर्चीत बसले. त्या दिवशी मैनुद्दीन यांना इतका आनंद झाला की डब्याचं झाकण लावायचंच राहिलं.

पण परत आलेले नागोराव पहिल्यासारखे नव्हते. शर्यत अगदी रंगात आलेली असायची, जावेद पलंगावर उभा राहून ओरडायचा, आणि हे निवांत शेंगा सोलत बसायचे. पूर्वी खुर्चीच्या टोकावर बसणारा माणूस आता पाठ टेकून बसायला लागला. आधी मैनुद्दीन यांना वाटलं, दुःखी माणूस आहे, मन लागत नसेल. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणी गाडीवरून पडायच्या जरासं आधी नागोराव खाली वाकून चप्पल शोधतात. एकदा झालं तर चप्पल. दर वेळी होतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

हा निकाल बघून येतो.

हा विचार डोक्यात आला आणि मैनुद्दीन यांची झोप उडाली. तुम्ही म्हणाल, बघून आला तर असं कुठलं आभाळ कोसळलं? पण ज्याचा नग आपण कधी उलटून पाहिला नाही, तोच खोटा निघाला तर माणसाने जायचं कुठे? तो एक भरवसा गेला की मैनुद्दीन यांच्याकडे जवळचं म्हणावं असं दुसरं काही उरत नव्हतं. सरळ विचारावं तर तो नाही म्हणणार, आणि त्या नाहीवर विश्वास ठेवावा तर तपासनीस कसले? पुरावा हवा होता.

आणि पुरावा मिळवायचा तर शर्यतीत कधी काय होतं ते आधी माहीत असायला हवं. म्हणजे शर्यत आधी बघायला हवी. नियम ज्याने केला त्यानेच तो मोडायचा! मैनुद्दीन यांनी मनाची समजूत घातली, की ही चोरी नव्हे, ही तपासणी आहे.

जपानची फेरी आपल्याकडे सकाळीच होते. त्या रविवारी त्यांनी अर्शियाचा फोन मागून घेतला आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड गच्चीवर जाऊन बसले. रझियाबी दोनदा वर डोकावून गेल्या.

"कुणाचा फोन आहे एवढा?"

"कुणाचा नाही."

"मग लपून कशाला बसलाय?"

संशय आपल्यावर आला की कसा लागतो, हे मैनुद्दीन यांना आयुष्यात प्रथम कळलं, पण थांबायला वेळ नव्हता. शर्यतीत मध्येच पाऊस सुरू झाला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात पिवळ्या हेल्मेटवाला एका वळणावर गाडीसकट फेकला गेला. बराच वेळ तो खडीत पडून होता. मग दोघांनी हात दिला आणि तो उठून चालत गेला. मैनुद्दीन यांनी ते सगळं कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. पाऊस, मग वळण, मग पडणं, एवढं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. फोन डब्यात गेले. जावेदने शर्यत लावली आणि मैनुद्दीन यांनी खुर्ची अशी सरकवली की टीव्ही डाव्या हाताला आणि नागोराव बरोबर समोर. रिमोटही आज त्यांनी स्वतःकडे घेतला.

आज नागोराव शेंगा सोलत नव्हते. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते आणि ऑक्टोबरचा उकाडा धरला तरी त्यांना जरा जास्तच घाम फुटला होता. बघा, मैनुद्दीन यांच्या मनाने लगेच नोंद घेतली, आज भीती वाटतेय. पकडले जाऊ म्हणून.

"पाऊस आला!" जावेद ओरडला. "आता मजा बघा, चाचा!"

नागोराव ताडकन उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि टीव्हीकडे पाठ करून दाराकडे निघाले. ते दारापाशी पोचतात न पोचतात तोच पिवळं हेल्मेट खडीत आपटलं. मैनुद्दीन यांनी रिमोटचं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं.

"पकडला," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना कसासाच वाटला. "नागोराव, किती दिवस चाललंय हे? तू शर्यत बघून येतोस."

जावेद हसला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

"हो," नागोराव म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "सुदर्शन गेल्यापासून दर वेळी पाहून येतो. आधी एकटा पाहतो. कोण पडतो, पडलेला उठतो का, तेवढं पाहतो. सगळे उठले असले तरच इथं येतो, मैनुद्दीन. नाहीतर मला ताप असतो, नाहीतर गावचे पाहुणे असतात."

मैनुद्दीन यांना ते सगळे ताप आणि ते सगळे पाहुणे आठवले. त्या वेळी त्या तापांचा आणि पाहुण्यांचाही त्यांनी संशय घेतला होता.

"आज पाहता नाही आली," नागोराव पुढे म्हणाले. "माझ्या साध्या फोनवर शर्यत दिसत नाही, अन् सूनबाई तिचा फोन घेऊन हडपसरला माहेरी गेली. वाटलं, एक दिवस जमेल तसंच बसायला. नाही जमलं. पाऊस पाहिला अन् मले बसवेना." इतकी वर्षं पुण्यात काढलेला माणूस, पण आवाज थेट पुलगावचा झाला होता.

सगळी सकाळ गच्चीवर बसून मैनुद्दीन यांनी मित्राविरुद्ध पुरावा गोळा केला होता, आणि पुरावा कशाचा निघाला तर याचा. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मांडीवरचा डबा कुठे ठेवावा ते कळेना.

"तू आज टीव्हीकडे पाहतच नव्हता," नागोराव हळू आवाजात म्हणाले. "माझ्याकडे पाहत होता. पाऊस आल्यावर काय होणार ते तुला ठाऊक होतं."

जावेदने चमकून मैनुद्दीन यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता, आणि नाही म्हणायला अजूनही वाव होता. ज्यांनी फोन डब्यात टाकायला लावले, त्या चाचांचा शब्द जावेदने कधी उलटून पाहिला नव्हता.

नागोराव दाराची कडी धरून उभे होते. पडद्यावर पिवळ्या हेल्मेटचा माणूस खडीत पालथा पडला होता.

"मैनुद्दीन," ते म्हणाले, "उठतो का रे तो?"

"उठतो," मैनुद्दीन म्हणाले. "सकाळी पाहिलंय मी. उठतो, नागोराव. चालत जातो."