समुद्राकडे पाठ

वडिलांच्या अस्थी सोडायच्या त्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच इशारा आला होता. लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर आदळतील, सखल भागात पाणी शिरेल, पाण्याजवळ जाऊ नका. मी तो मोठ्याने वाचला. मोठे काका गच्चीत जाऊन आभाळ बघून आले.

"मेघ नाही, वारा नाही. सुम्मा, उगाच भिववतात," त्यांनी निकाल दिला.

चेन्नईत पूर वरून पडतो, एवढंच लोकांचं शिक्षण. आभाळ कोरडं असलं की आपण सुरक्षित. समुद्र दूर कुठल्या तरी वादळाने ढवळला जातो आणि त्याच्या लाटा लख्ख उन्हातही इथवर येतात, हे त्यांच्या गावी नाही. शोळिंगनल्लूरला संगणकावर नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ तरी वेगळा असावा? त्याने फोनवरचं पिवळं सूर्याचं चित्र मला दाखवलं. काका आभाळ गच्चीत बघत होते, तो हातात बघत होता.

"एक दिवस थांबलो तर?" मी विचारलं. अस्थींचं मडकं नुकतंच स्मशानातून उचललं होतं.

"उचललेलं परत ठेवायचं?" काका म्हणाले. "तुझा बाप काय पार्सल आहे, पत्ता चुकला म्हणून परत पाठवायला?"

भाऊ हसला. वडील जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्यांच्यावर हसणं चाललं होतं. पण काकांचं तसंच आहे. अंबत्तूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर दुसऱ्याची सही होईपर्यंत वाट पाहिली. घरात कुणी गेलं की मात्र त्यांना कुणाच्या सहीची गरज उरत नाही. कोणी कुठे बसायचं, पंचा कसा नेसायचा, रडणं कधी थांबवायचं, सगळं तेच ठरवतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढतो.

गाडीत त्यांनी भावाला समजावलं. कमरेइतक्या पाण्यात जायचं, मडकं सोडायचं, समुद्राकडे पाठ करायची आणि सरळ बाहेर यायचं. काहीही झालं तरी मागे बघायचं नाही. बघितलं तर गेलेल्याचा जीव अडकतो. आमच्याकडे तंजावरपासून असंच चालत आलंय. मी पुढच्या सीटवरून भावाला हळूच म्हटलं, "पाण्यात शिरू नकोस. काठावरून सोड. आणि परत येताना तोंड समुद्राकडेच ठेव, उलटा चालत ये. मोठी लाट मागून येते तेव्हा आवाज ऐकून काही उपयोग नसतो."

काकांच्या कानांना मात्र अजून काही झालेलं नाही. "उलटी पावलं भुतांची असतात," ते म्हणाले. "वाचून वाचून डोकं बिघडलंय हिचं."

बेझंट नगरला पोचलो तर कोळ्यांनी होड्या ओढून पार रस्त्यावर आणल्या होत्या. गल्लीत गुडघ्यापर्यंत पाणी होतं आणि बायका घरातल्या चटया भिंतींवर टाकत होत्या. इतकं डोळ्यांसमोर असताना काकांना एकच गोष्ट खटकली. "गाडी लावायला जागा ठेवली नाही मेल्यांनी."

वाळूवर पोलिसांनी दोरी बांधली होती. दोरीपलीकडे जोडपी ओल्या वाळूत उभी राहून फोटो काढत होती. लाट आली की किंचाळायची, ओसरली की पुन्हा पुढे सरकायची. कॉन्स्टेबल शिट्टी वाजवून कंटाळला होता. काकांनी मडक्याकडे बोट दाखवून तमिळमध्ये सांगितलं, मरणाचं कार्य आहे. त्याने दोरी वर उचलली. या शहरात मृताच्या माणसांना कोणी अडवत नाही. मरू देतात.

आईने गाडीतच बसायचं ठरलं होतं. ती उतरली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

भाऊ कमरेइतक्या पाण्यात गेला. लाटा अधूनमधून शांत व्हायच्या, तशा तेव्हाही होत्या. त्याने मडकं सोडलं, पाठ केली आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे मान खाली घालून चालायला लागला. त्याच्या मागे पाणी उभं राहत होतं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं, त्यालाच नाही. मी ओरडले. त्याला ऐकू आलं, कारण त्याचे खांदे ताठ झाले, पण मान वळली नाही.

"बघू नकोस!" काका म्हणाले. अजूनही.

तेव्हा आई ओरडली, "कण्णा, मागं बघ! बघ मागं!"

तो वळला. लाट छातीवर घेण्यापुरता वेळ त्याला मिळाला. पाठीवर आली असती तर तोंडावर आपटला असता. तरीही ती त्याला घेऊन गेली, आणि पाणी ओसरताना आत ओढू लागली. आई पळत सुटली. मी तिला कमरेला मिठी मारून धरलं. ती मला चावली, मी सोडलं नाही. एकाच्या मागे दुसरं जातं, ते मला पुरतं ठाऊक होतं. काका जिथे होते तिथेच उभे राहून "धरा, धरा त्याला" असं जगाला सांगत होते. त्यांचा पंचा घोट्यापर्यंतही भिजला नव्हता.

पुढच्या लाटेने भावाला वाळूवर फेकलं. कॉन्स्टेबलने बखोटीला धरून ओढलं. गुडघे सोलले होते, नाकातून पाणी येत होतं, जिवंत होता.

काका जवळ आले. "मागे बघितलं त्याने. शांत करावी लागेल."

तेवढ्यात जॉर्ज टाउनहून आत्याचा फोन आला. काकांनी आवाज सारखा केला. "सगळं व्यवस्थित पार पडलं. हो, हो, शास्त्राप्रमाणे."

आई लग्न होऊन आल्यापासून मोठ्या दिरांसमोर कधी वर तोंड करून बोलली नव्हती. तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"नाही पडलं पार," ती म्हणाली. "पोर बुडत होतं, आणि हे तुमचे भाऊ मागं बघू नको म्हणून ओरडत होते."

मग तिने फोन काकांच्या हातात परत दिला. पलीकडून आत्या काय काय विचारत होती ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.