मामांच्या घरातली दोन नावांची मामी

डहाणू-तलासरी पट्ट्यातून परदेशी स्थायिक झालेल्या कुठल्याही माणसाचे कागद आमच्या मामांच्या नजरेखालून गेले नाहीत, असं एकही उदाहरण निदान मामांना तरी ठाऊक नाही. हे माझ्या आईचे चुलतभाऊ, मसोलीचे चिकूवाले. स्वतः वलसाडच्या पलीकडे कधी गेले नाहीत, पण कुठल्या देशात बायकोला बोलवायला काय लागतं आणि आईबापांना काय, हे त्यांना तोंडपाठ. चिकू निवडायच्या पडवीतच त्यांचं ऑफिस. फळांसारखीच कागदांचीही प्रतवारी: पहिला नंबर, दुसरा नंबर, आणि परत आणायला पाठवायचे. एकदा झरीहून एक नवपरिणीत जोडपं लग्नाचे पुरावे घेऊन आलं. मामांनी शंभरेक फोटो चाळले आणि म्हणाले, "सगळ्यांत हसताय. एखादा रुसलेला काढा, नाहीतर साहेबाला लग्न खरं वाटायचं नाही." मुलाच्या बापानं काळजीनं गुजरातीत विचारलं, "काका, थशे ने?" मामा म्हणाले, "थशे ज! होणारच!" आणि खरंच झालं. तेव्हापासून तर मामांना विचारायलाच नको.

"माणूस खोटा चालेल, कागद खरा पाहिजे," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नावात जरा फरक दिसला की समोरच्याला असं झापत, की तो बिचारा आपल्या बारशालाच दोष देत घरी जाई.

अशा या मामांच्या लेकीनं कॅनडातून आईबापांना कायमचं बोलवायचा अर्ज केला. तिथे म्हणे चिठ्ठ्या काढतात, तिची निघाली. मामांनी फाइल अशी सजवली की लग्नात रुखवतही इतका सजत नाही. महिन्याभरात तिकडून पत्र आलं. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव मणी, आणि आईच्या पासपोर्टवर सुलभा. ही बाई अर्जदाराची आई आहे हे तीस दिवसांत सिद्ध करा, नाहीतर अर्ज बंद.

मामींचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे उंबरगावला. जन्माची नोंद करायला गेलेल्या मामींच्या वडिलांनी आपल्या लेकीचं तोंडात बसलेलं नाव सांगितलं. ते नाव तर मामांनी लग्नातच बदललेलं, तबकातल्या तांदळात अंगठीनं 'सुलभा' लिहून. दुनियेची नावं तपासणाऱ्या मामांना घरातलंच नाव दिसलं नव्हतं. मला हसू आलं, पण मामीकडे पाहून ते गिळलं. तिकडे कॅनडात लेकीला सातवा महिना लागला होता, आणि मामींचा सगळा जीव तिकडे.

मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. पडवीत मी लॅपटॉप उघडला आणि मामा ऐटीत सांगू लागले, "लिही. विवाहसमयी मी माझ्या पसंतीने पत्नीचे नाव मणीऐवजी सुलभा असे ठेवले. दोन्ही व्यक्ती एकच आहेत."

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "आणि मला विचारलं नव्हतं, तेही लिही."

"तसं लिहायची पद्धत नाही," मामा म्हणाले. मामी पदराला हात पुसत दारात आल्या. मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला, परत काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही रे. खरं आहे ते."

मी लिहिलं. वकिलानं भुवया उंचावल्या, पण मामांनी ते वाक्य काढू दिलं नाही. मणी नावाचा माहेरचा शाळेचा दाखला जोडला आणि कागद रवाना झाले.

मंजुरीचा निरोप आला तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी फोनवरचा मजकूर दोनदा वाचला, उठले आणि मागच्या दाराशी जाऊन हाक मारली, "मणी! अगं, झालं!"

मामी विहिरीपाशी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या नावानं हाक मारणारं माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं वाटलं असावं. मामांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा त्या वळल्या, ओलं लुगडं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"जायचं ना मग?" मामांनी विचारलं.

"जायचं की," मामी म्हणाल्या. "पण आधी अजून एकदा हाक मारा."