बिराजदारांची कुसळी

गवतवाल्यांचे किस्से साठत जातात, आणि कुठला कोणाबरोबर घडला हेच पुढे कळेनासं होतं. माझी आठवण तर आता मलाच भरवशाची वाटत नाही. तरी लातूरच्या बिराजदार सरांचे किस्से मला पाठ आहेत. ज्याचा हेवा वाटतो, त्याचं सगळं लक्षात राहतं.

मी नांदेडच्या कॉलेजात, ते लातूरच्या. दोघांचा विषय वनस्पतिशास्त्र आणि दोघांचं गवतही एकच, कपड्यांना चिकटणारी कुसळी. आमच्या शास्त्रात प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या घरातलं एकेक माणूस. कुसळीच्या घरात माणसं मोजकीच. एखादं नवं सापडावं आणि त्याचं बारसं मी करावं, एवढीच नोकरीभर इच्छा होती.

*

एकदा आम्ही दोघं उमरीजवळच्या माळावर गेलो. मी पँटला चिकटलेलं एकेक कुसळ काढून भिंगाखाली धरत होतो. मेंढरं राखणारा एक म्हातारा बराच वेळ बघत उभा राहिला.

"काय हारवलंय ह्या सायबाचं?"

"काही न्हाई मामा," बिराजदार म्हणाले. "सर अजून एकदा खात्री करायलेत."

*

खात्री हा माझा जुना आजार. विष्णुपुरीकडचं एक गवत मी तीन पावसाळे बघत होतो. संध्याकाळी नवं वाटायचं, सकाळी जुनं. शेवटी बिराजदारांना फोन केला.

"छापून टाका सर. चुकलं तर लोक सांगतील की."

"म्हणूनच छापत नाही," मी म्हणालो.

*

मग त्यांनीच छापलं. निलंग्याच्या माळावर कुसळीची नवी जात! जातीच्या नावामागे ती जगापुढे मांडणाऱ्याचं नाव कायमचं लागतं. तिथे आता बिराजदार.

"अहो, अभिनंदनाचा फोन करा की," ही म्हणाली.

"करतो. आधी पेपर नीट वाचू दे."

चार वेळा वाचला. चूक सापडली नाही. एक फोटो जरा अंधुक होता, तेवढं कळवलं.

*

लातूरला त्यांचा सत्कार झाला आणि बोलायला नेमकं मलाच उभं केलं. "बिराजदार सर नशीबवान आहेत," एवढं बोलून मी बसलो.

उत्तराला ते उठले. "खरंय. शंका आली की दाखवायला मला हे सर होते."

मला तो टोमणा वाटला. न जेवताच नांदेडची बस धरली. त्यानंतर कित्येक वर्षं भेटेल त्याला मी सांगत राहिलो, की ते गवत आधी माझ्याकडे होतं, बिराजदारांनी माझ्याच टेबलावर पाहिलं असणार.

*

रिटायर झाल्यावर एकदाची शहानिशा करायची ठरवलं. नवी जात ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून ठरते, तो नमुना कागदावर डकवून एका मोठ्या संग्रहालयात जपून ठेवतात. तिथे गेलो. नमुना तपासणारा प्रत्येक जण आपलं मत लिहून, सही करून त्याच कागदावर चिठ्ठी चिकटवतो. नंतरचा माणूस आधीची चिठ्ठी काढत नाही, मग ती कितीही चुकीची असो.

बिराजदारांच्या नमुन्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. वरची त्यांची, नव्या नावाची. खालची तिच्याही बरीच वर्षं आधीची.

"साधीच कुसळी. नवी नाही."

अक्षर माझं होतं. सहीसुद्धा.