हळू आवाजातली गोष्ट

चौथीत असताना मला शाळा आवडायची ती शाळा सुटल्यावर. पाचची घंटा झाली की बाकीच्या मुली दप्तरं उचलून पळायच्या आणि आम्ही नऊ-दहा जणी वर्गात मागं राहायचो. बाई फळा पुसून वरच्या कोपऱ्यात ‘छंदवर्ग’ असं लिहायच्या. शेजारच्या वर्गात चित्रकला, पटांगणात लेझीम आणि आमच्याकडं गोष्टी. खरं तर मला लेझीम हवी होती. पण कुणाचा ठेका चुकला की मी तिथंच तिच्याशी भांडायला उभी राहायचे. शेवटी बाईंनी माझा हात धरून मला आत आणलं. म्हणाल्या, “तोंड चालवायची एवढी हौस हाय ना, मग हितं चालीव.”

बाई वेळापूरकडच्या. वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, पण शाळा सुटली की त्यांची भाषाही सुटायची. छंदवर्गाचं त्यांना कुणी काही देत नव्हतं. तरी रोज तासभर थांबायच्या, आणि हातवारे करून घोकलेली गोष्ट कुणी सांगू लागली की कपाळाला हात लावायच्या. नवी गोष्ट आधी भिंतीकडं तोंड करून सांगायची. मग मैत्रिणींना. मग पहिलीतल्या चार-दोन पोरांना, जी मोठ्या बहिणींची वाट बघत ओट्यावर बसलेली असत. ही पोरं महाकठीण. गोष्ट आवडली नाही तर सरळ उठून जायची. माझ्या पहिल्या दोन गोष्टींना सगळी उठून गेली. एक जण तर जाताना माझी पेन्सिलही घेऊन गेला.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या मागांचा कारखाना होता. दिवसभर खट खट खट खट. त्या आवाजातच आम्ही पाढे म्हटले, प्रार्थना म्हटल्या आणि गोष्टीही सांगितल्या. त्यामुळं आमच्या शाळेतल्या मुली कुठंही ओळखू यायच्या. दुकानात मीठ मागितलं तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. माझ्या गोष्टीतला उंदीरसुद्धा गर्जना करायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

घरी मात्र माझा आवाज वेगळा असायचा. अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं, मागं आम्ही राहायचो. अव्वाचं, म्हणजे आईचं, माहेर कानडी मुलखाला लागून असलेल्या दुधनीचं. आमच्याकडं वाक्य कानडीत सुरू होऊन मराठीत संपायचं, कधी उलटं; शहरातल्या निम्म्या लोकांना दोन्ही भाषा कळायच्या. पण संध्याकाळी डाळ निवडताना अव्वा गोष्ट सांगायची ती अख्खी कानडीत, आणि इतकी हळू, की मांडीवर झोपलेला धाकटा भाऊ जागा होऊ नये.

भांडण झालं ते त्या डाळीवरूनच. मी रोज दिवेलागणीला घरी यायला लागले. डाळ, पाणी, भाऊ, सगळं अव्वाच्या एकटीच्या अंगावर पडलं. एक दिवस अप्पांनी मला समोर बसवलं.

“काय शिकिवत्यात गं तितं?”

“गोष्टी सांगायला.”

“त्येला शाळा कशाला? घरात तुझी आई हाय की.”

मी रडले, जेवले नाही, दुसऱ्या दिवशीही जेवले नाही. रुसण्यात माझा हात कुणी धरला नसता. त्यात बाईंनी निरोप धाडला की शहरातल्या सगळ्या प्राथमिक शाळांची कथाकथनाची स्पर्धा आहे आणि शाळेतर्फे मला पाठवायचं आहे. अप्पा व्यवहाराचे पक्के. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि सौदा केला. “ठीक हाय. नंबर आला तर जा म्होरं. न्हाई आला तर शाळा सुटली की घर. पुन्हा रडायचं न्हाई.”

मी कबूल झाले. दुसरं काय करणार होते?

गोष्ट मी अव्वाचीच निवडली. दुधनीच्या बाजारात विकलेली म्हैस दावं तोडून तीन गावं ओलांडून आपल्या रेडकाकडं परत येते, एवढीच ती गोष्ट. बाईंनी आणि मी ती बसून मराठीत आणली. वाटेत म्हशीला ओढा अडवतो, काटे अडवतात, नवा मालक मागं धावतो, आणि शेवटी ती दाराशी येते तेव्हा आतून रेडकू विचारतं, “आई, आलीस का गं?” पंधरा दिवस मी ती मागांच्या खटखटाटावर ओरडून पाठ केली. पहिलीतली पोरं शेवटपर्यंत बसली. पेन्सिल नेणारासुद्धा बसला. बाई म्हणाल्या, “आता काळजी न्हाय.”

स्पर्धा रविवारी सकाळी, एका मोठ्या शाळेच्या सभागृहात. फरशी गार, वर पंखे, आणि कुठं म्हणून आवाज नाही. बाईंनी माझ्या वेणीची रिबन तीनदा सोडून बांधली.  माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या दाराशी मला अप्पा दिसले. दुकानातल्याच सदऱ्यावर आले होते आणि बसायला जागा असूनही उभे होते.

मी सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला पुढच्या रांगेतल्या परीक्षक बाई दचकल्या आणि सभागृह हसलं. मला कळेना काय झालं. दुसरं वाक्य ओरडले, लोक पुन्हा हसले. तेव्हा लक्षात आलं की इथं माग नाहीत. मी ज्यावर मात करायला ओरडत होते ते इथं नव्हतंच.

मग मी आवाज खाली आणला. गोष्ट सांगतानाचा आपला आवाज असा शांततेत मी कधी ऐकलाच नव्हता. मला तो आवडला. म्हैस ओढ्याशी आली तेव्हा हसणं थांबलं होतं. काट्यांत शिरली तेव्हा लोक पुढं वाकले होते. दुष्काळ नुकताच सरलेला. जनावर विकलेली घरं त्या सभागृहात कमी नसावीत. एका बाईनं डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला आणि मला वाटलं, आला नंबर. मी अजून हळू झाले. म्हैस दाराशी आली, रेडकू बोललं, म्हैस बोलली, गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. इतक्या, की मी नमस्कार करायला विसरले.

निकालात माझं नाव नव्हतं. तिसरा नंबरही नाही, उत्तेजनार्थही नाही. मी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. तडक परीक्षकांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, “माझं काय चुकलं?”

मधले गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, “बाळ, गोष्ट छानच होती. पण स्पर्धा मराठी गोष्टीची होती.”

“मग मी मराठीतच सांगितली की!”

 बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. “अगं, आवाज खाली आणलास आणि तिथनं तू कानडीत गेलीस. ओढ्यापासून शेवटपर्यंत सगळं कानडी. ‘अव्वा, बंद्या?’ असंच विचारलं रेडकानं.”

मला खरंच कळलं नव्हतं. हळू आवाजातली गोष्ट मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकली होती, आणि ती सांगायला लागले ती त्याच भाषेत. आज याचं हसू येतं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी चीड आली की रिबन ओढून काढली.

घरी चालत निघालो. अप्पा दोन पावलं पुढं. मी मनात हिशेब मांडत होते: उद्या पाचला घंटा होणार, बाई फळा पुसणार, बाकीच्या मुली बसणार आणि मी दप्तर घेऊन घरी. रडायचं नाही असं कबूल केलेलं, म्हणून ओठ दाबून चालले होते.

अप्पा मागं न बघता म्हणाले, “नंबर का दिला न्हाई त्येंनी?”

“कानडीत सांगितली म्हणून.”

“कुणी?”

“मी.”

ते थांबले. “कवा?”

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी गोष्ट ऐकली होती, आणि मध्ये भाषा बदलली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“म्हशीनं ओढा ओलांडला, तितनं,” मी म्हणाले.

“आस्सं!” अप्पा म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले.  चौकात एक टांगा जाऊ द्यायला उभे राहिले आणि म्हणाले, “आपलं काय ठरलं हुतं?”

“नंबर आला तर जायचं.”

“व्हय. पण आता बघ. नंबर आला असता म्हंजे तुला सगळं आलं. मग तितं जाऊन करायचं काय? आला न्हाई, म्हंजे शिकायचं राहिलंय की अजून.” टांगा गेला तरी ते तिथंच उभे होते. “उद्या जा. डाळीचं मी बगतो.”

दिलेला शब्द अप्पांनी असा उलटा करून घेतलेला मी आधी कधी पाहिला नव्हता, पुढंही नाही. बापाचा हात धरून रस्त्यानं चालायची मला त्या वयात लाज वाटायची. त्या दिवशी चौकात मी तो धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.