पंधरामाडातली बिनटपाची गाडी

शिवा डोर्लेकर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. मिरकरवाड्याच्या जेटीवर त्याला ओळखत नाही असा बोटीवरचा तांडेल सापडायचा नाही. त्याच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणतात. त्याच्या बायकोचं, गुणवंतीचं, मत वेगळं आहे. ती म्हणते, गुणबिण काही नाही, हा माणूस चिडेपर्यंत काम सोडत नाही आणि एकदा चिडला की मग मुळीच सोडत नाही.

गाडी त्याच्या गळ्यात पडली ती लांज्यात. तिथल्या एका काजू कारखान्याचा जनरेटर बंद पडला होता. दोन मेकॅनिक हात टेकून गेले, तेव्हा कोणीतरी शिवाचं नाव सुचवलं. शिवानं तो सुरू करून दिला. मालक खूश झाले आणि आणखी काय हवं ते माग म्हणाले. कारखान्यामागं फणसाखाली एक जुनी हेराल्ड मोटार उभी होती. दोन दारांची, वरचं कापडी छप्पर मागं दुमडून ठेवायची. कापड केव्हाच कुजून गेलं होतं, नुसत्या काड्या उरल्या होत्या, खाऊन टाकलेल्या माशाच्या काट्यासारख्या. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक ती गाडी भंगारात द्यायच्या विचारात होते. शिवानं गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या बाजूला उलटं उघडणारं बॉनेट वर केलं, आत डोकावला आणि म्हणाला, "ही द्या."

का मागितली, ते त्याला नीट सांगता आलं नाही कधी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या, स्वतःच्या मालकीची स्कूटर सोडून काही नव्हतं, एवढंच तो म्हणायचा.

टेम्पोतून गाडी पंधरामाडात शिवाच्या घरासमोर उतरली, तेव्हा गुणवंती बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून आली होती. तिनं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"कोंबडी कुठंय?" तिनं विचारलं. टेम्पोवाल्यानं तिला हकिगत सांगितली होती.

"ती तिथंच ऱ्हायली."

"तीच आणायची होती. अंडी तरी दिली असती."

घराशेजारी जाळी ठेवायची खोप होती. जाळी ओटीवर गेली आणि खोपीत गाडी आली. पहिल्याच आठवड्यात शिवानं इंजिन उतरवलं, धुतलं, वॉल्व्ह घासले, परत बसवलं आणि चालू करून दाखवलं. त्याला वाटलं, अवघड होतं ते झालं, आता राहिला पत्रा. खरं म्हणजे इंजिन ही त्या गाडीतली एकमेव गोष्ट होती जिनं त्याला कधी त्रास दिला नाही.

पत्र्यानं त्याचा जीव खाल्ला. पायाखालचा पत्रा पापडासारखा तुटत होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आरपार. शिवाला वेल्डिंग येत होतं, पण ते बोटीच्या जाड पत्र्यावरचं. इथं तोच हात भोकं पाडू लागला. एक भोक बुजवायला जावं तर शेजारी दुसरं. शेवटी त्यानं निलेशला गाठलं. निलेश एमआयडीसीत खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा, पातळ पत्र्यावर त्याचा हात चांगला होता. तो "रविवारी येतो" म्हणाला. किती रविवार गेले ते शिवानं मोजायचं सोडून दिलं.

तोवर त्यानं गंज घासायला घेतला. ग्राइंडर लावून एक दार लख्ख पांढरं केलं, समाधानानं जेवायला गेला, झोपला. सकाळी बघतो तर दारावर केशरी फुलोरा. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. बंधाऱ्यावर लाट फुटली की तिचे तुषार ओटीपर्यंत यायचे. त्यानं परत घासलं, लगोलग प्रायमर मारला. प्रायमर वाळायच्या आत त्यावर बारीक खारट थर बसला आणि रंग फुगे धरून सुटला. तिसऱ्यांदा घासलं तेव्हा पत्रा इतका पातळ झाला होता की बोटानं दाबला की आत जायचा.

त्यात चिमाचं भांडण. चिमा शेजारीण, घराच्या समुद्राकडच्या अंगाला सुकट वाळवायची. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडं वाहतो, त्यामुळं शिवाच्या ग्राइंडरची सगळी धूळ तिच्या सुकटीवर. दोनदा तिनं सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं ती लाल झालेली सुकट पाटीत भरून आणली, गाडीच्या मागच्या सीटवर ओतली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. गाडीचा तो वास पुढं कित्येक महिने गेला नाही. शिवानं मग घासकाम दुपारी सुरू केलं. दुपारी वारा समुद्रावरून येतो. धूळ आता गुणवंतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसू लागली. त्यावर त्या घरात जे बोलणं झालं ते चिमानं आपल्या अंगणात उभं राहून ऐकलं आणि तिचा राग बराचसा निवळला.

निलेश अखेर यायला कबूल झाला. त्याच्या आधी सडका पत्रा कापून ठेवावा म्हणून शिवानं एक दिवस कटर हातात घेतला. दारांच्या खाली, दोन्ही बाजूंना पुढपासून मागपर्यंत लोखंडी पोकळ पट्ट्या होत्या, त्या पार कुजलेल्या. त्यानं दारं काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एका दमात कापून टाकल्या. काम इतकं झरझर झालं की बऱ्याच दिवसांनी तो शीळ घालत घरात आला.

दुसऱ्या दिवशी मापासाठी म्हणून दार परत लावून पाहिलं, तर ते बसेना. वर घासत होतं, खाली फट राहत होती. बिजागरी वाकली असेल म्हणून त्यानं बिजागरी ठोकली. मग दाराची कड कानशीनं घासली. दुसऱ्या बाजूचंही दार बसेना, तेव्हा त्याचीही कड घासली. दोन दिवस हेच चाललं होतं. गुणवंती पाटी डोक्यावर घेऊन गल्लीतून येत होती, ती लांबूनच थबकली.

"अवो," ती म्हणाली, "ही मधेच बसलीय."

शिवा उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याला दिसलं. गाडी मध्यावर खचली होती, म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीसारखी. छपराच्या गाडीला वरून छप्पर तोलून धरतं. या गाडीला छप्परच नव्हतं. पुढचं आणि मागचं अंग एकमेकांना जोडून ठेवत होत्या त्या याच दोन पट्ट्या, आणि त्या त्यानं आधार न देता कापल्या होत्या. होडीची एक फळी काढायची तर आधी दोन्ही बाजूंनी टेकू लावतात, हे पंधरामाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याचं सगळं आयुष्य तर होड्यांत गेलेलं.

हातातली कानस त्यानं फेकून मारली. कुठं फेकतोय ते पाहिलं नाही. ती समोरच्या काचेवर बसली. त्या गाडीत फणसाखाली इतकी वर्षं काढून शाबूत राहिलेली एकच वस्तू होती, ती काच. तिचा चुरा झाला. केरसुणी आणून गुणवंतीनं चुरा गोळा केला, पायात जाऊ नये म्हणून.

त्यानंतर शिवा खोपीकडं फिरकला नाही. जेटीवरून येताना तो मागच्या वाटेनं घरात शिरायचा. जेवताना कोणी गाडीचा विषय काढला तर ताटावरून उठायचा. मधे मासेमारी बंदीचे महिने आले, बोटी किनाऱ्याला लागल्या आणि इंजिनांची कामं अंगावर आली. त्याला बरंच झालं.

गणपतीला मुलगा केतन मुंबईहून आला. तो एसी दुरुस्तीच्या कंपनीत होता, बापासारखाच हातानं काम करणारा, पण बापापेक्षा लवकर निकाल लावणारा. त्यानं गाडी पाहिली, आईशी बोलला आणि परस्पर भंगारवाल्याला बोलावून घेतलं. शिवाला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला. केतनला वाटलं, सुटलो.

भंगारवाला आला, त्यानं पहार काढली आणि बॉनेटच्या बोल्टावर घाव घातला. शिवा ओटीवर बसून पाहत होता. दुसरा घाव पडला. तिसऱ्याला तो उठला.

"असा बोल्ट काढतात?" त्यानं विचारलं.

भंगारवाला म्हणाला, "तोडायचीच आहे ना, काका?"

"मग पहारीनं मासा साफ करतोस काय? दे इकडं." शिवानं पाना आणला, तेल सोडलं, थोडा वेळ थांबला आणि बोल्ट अलगद सोडवून हातात घेतला. मग तो बोल्ट त्यानं परत होता तिथं बसवला, आवळला आणि भंगारवाल्याला म्हणाला, तू जा. केतननं कपाळावर हात मारला. रिकाम्या फेरीचं काय ते केतनलाच निस्तरावं लागलं.

त्याच संध्याकाळी शिवा बाबल्याकडं गेला. बाबल्या होड्यांचं सुतारकाम करायचा. दोघं एका शाळेत, एका वर्गात नापास झालेले. आपली चूक दुसऱ्याला सांगणं शिवाला फार जड गेलं. त्यानं ती सांगितली तेव्हा बाबल्या पोट धरून हसला, आणि हसून झाल्यावर टेकू कुठले लागतील ते बघायला उठला.

गाडीखाली त्यांनी होडीसारखे टेकू लावले, मधे दोन जॅक ठेवले आणि रोज जरा जरा उचलायला घेतली. एकदम उचलली तर दुसरीकडं फाटेल म्हणून बाबल्या शिवाचा हात धरून ठेवायचा. शिवाला घाई. "उद्या," बाबल्या म्हणायचा. दुसऱ्या दिवशीही "उद्याच." दोघांत इतक्या वेळा वाजलं की एकदा बाबल्या आपल्या पाचरी घेऊन घरी गेला आणि गुणवंतीला त्याला तळलेली सुरमई पाठवून परत आणावं लागलं. अखेर कमी घासलेलं उजवं दार खट्ट करून बसलं. डावं काही केल्या बसेना. शिवानं दोन दिवसांत कानशीनं जे खाल्लं होतं ते आता कुठून आणायचं? ते दार वर उचलून ढकललं तरच लागायचं, आणि बाहेरूनच उघडायचं. निलेश आला, त्यानं नव्या पट्ट्या जोडल्या आणि चहा पिताना डाव्या दाराकडं इतक्या वेळा पाहिलं की शिवानं त्याला दुसरा कप विचारला नाही.

बाकीचं जमेल तसं झालं. काच मिळेना, म्हणून बोटीच्या केबिनला लावतात ते जाड प्लास्टिक बसवलं. त्यातून रस्ता किंचित हलताना दिसायचा. छप्पर ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतलं, ते एका कोपऱ्यात गळायचं. रंगाच्या बाबतीत मात्र शिवानं कोणाचं ऐकलं नाही. बोटीचा हिरवा रंग मारला. समुद्राला पुरून उरतो तो रंग, खाऱ्या वाऱ्याची काय कथा, असं म्हणाला. कागदपत्रांच्या मागं केतन लागला, आणि ते गाडीच्या नंतर कितीतरी महिन्यांनी पुरे झाले.

तोवर डाव्या चाकाच्या वर, हिरव्या रंगाखाली, एक फोड उठला होता. शिवानं अंगठ्यानं दाबला. आत कुरकुर झाली. खरवडून, घासून, परत रंगवला. मग दुसरा उठला, दाराच्या मागं. मग बॉनेटच्या कडेला रांगच लागली. एका दुपारी तो हातात पॉलिश पेपर घेऊन गाडीपुढं नुसता उभा होता. गुणवंती जवळ आली.

"माझ्या भावाकडं ठेवू या सावर्ड्याला," ती म्हणाली. "तिथं खारं वारं नाय. गोठा मोकळाच आहे."

"माझ्या हातानं केली मी. माझ्याच दारात नाय ठेवायची?"

"दारात ठेवलीत तर दार ऱ्हाईल. गाडी नाय ऱ्हायची."

शिवा तिच्याशी आठवडाभर धड बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच विचारलं, गोठ्याची जमीन कोरडी असते ना?

थंडीच्या दिवसांत ते दोघं सकाळी निघाले. गुणवंतीला शिवानं बाहेरून दार लावून आत बंद केलं. तिनं पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधला. निवळीच्या घाटात रेडिएटरचं पाणी उकळलं, थांबावं लागलं. महामार्गाच्या कामाची धूळ दोघांच्या तोंडात गेली. मोटरसायकलवाली पोरं बरोबरीनं येऊन मोबाइलवर चित्रण करत होती. संगमेश्वरच्या पुढं रस्ता चांगला लागला, गाडी एका लयीत पळू लागली, दोन्ही बाजूंची भातं कापलेली शेतं मागं जाऊ लागली. गुणवंती म्हणाली, बरं वाटतंय. शिवाला काही बरं वाटलं नाही. डाव्या दाराचा खडखडाट त्याला सबंध वाट ऐकू येत होता.

सावर्ड्यात गुणवंतीचा भाऊ धोंडू वाटेत येऊन उभाच होता. त्यानं गोठा सारवून ठेवला होता, गाडीला हार घातला. शिवानं त्याला काय करायचं, काय नाही करायचं ते इतक्या वेळा सांगितलं की धोंडूच्या बायकोनं जेवणं वाढली तरी ते संपेना. मग दोघं एसटीनं घरी आले. मोकळ्या खोपीत गुणवंतीनं जाळी परत नेऊन ठेवली.

तीन-चार दिवसांनी धोंडूचा फोन आला. गाडी अगदी सुखात आहे, धूळ बसू नये म्हणून आपण वरून प्लास्टिकचा कागद गच्च बांधून टाकलाय, असं तो कौतुकानं सांगत होता.

शिवाचा आवाज चढला. प्लास्टिकखाली पाणी सुटतं, घाम धरतो, आतून पोखरतं, काढ तो कागद, आत्ताच्या आत्ता काढ. धोंडू संध्याकाळी काढतो म्हणाला. शिवानं फोन ठेवला, थोडा वेळ ओटीवर येरझारा घातल्या. मग पिशवीत पाना, तेलाची बाटली आणि पॉलिश पेपर भरला आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. गुणवंतीनं मागून विचारलं, जेवून तरी जाताय की नाय? तो तोवर गल्लीच्या टोकाला पोचला होता.